दुबईचा पगार की लोट्याचा पगार? तुलना करायची कशी

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन ह्या सगळ्या पट्ट्यात असं घर मिळणं कठीण की जिथलं कोणी आखातात नाही, निदान सख्ख्या-चुलत्यातलं तरी कोणीतरी असतंच. आधी मुंबईच्या गिरण्या होत्या, मनीऑर्डर यायची, १९८२ च्या संपानंतर ते संपत गेलं आणि मग दुबई, कुवेत, कतार, मस्कत सुरू झालं (आमच्याकडच्या मुसलमान वाड्यांतून तर त्याच्या आधीपासून लोक जात होते, जहाजावर आणि आखातात). आता लोटे परशुरामला एमआयडीसी आहे, तिथे केमिकल कंपन्यांत आयटीआय झालेल्या मुलांना काम मिळतं, त्यामुळे प्रश्न खरोखर समोर येतो की इथे राहू की जाऊ. मी हिशोब लिहिण्याचं काम करते म्हणून मुलं ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई, १८०० दिरहम म्हणजे किती? मी सांगते २४ ने गुण, ४३,२०० झाले, आणि तिथेच त्यांचं ठरून गेलेलं असतं. मला वाटतं तुलना तिथे सुरू व्हायला पाहिजे, ती तिथेच संपते.

तर ह्या लेखात मी एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाते. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील, पण पद्धत तीच राहील. एक मुलगा, एसी मेकॅनिक. दुबईला १८०० दिरहम, त्यात बेसिक (मूळ पगार) १०००, बाकी अलाउन्स ५३० आणि रोजचे दोन तास ओव्हरटाइम धरून २७०. राहायला कंपनीचा कॅम्प, जेवण स्वतःचं. दुसरीकडे लोट्याला पगार २०,०००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००, पीएफ, प्रोफेशनल टॅक्स वगैरे कापून हातात साधारण १८,०००. राहणं घरी.

आता पहिली गोष्ट म्हणजे २४ ने गुणणं. हे अर्धं बरोबर आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, तो हलत नाही, त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहम आपोआप महाग होतो. २०१४ च्या सुमारास दिरहम साडेसोळा रुपयांच्या आसपास होता, आता २४ च्या आसपास. म्हणजे ज्याचा पगार तेव्हा १५०० दिरहम होता आणि आजही १५०० च आहे (असे खूप आहेत) त्याच्या घरी येणारे पैसे २५ हजारावरून ३६ हजारावर गेले आणि घरच्यांना वाटतं ह्याचा पगार वाढला. तिथे त्याला एका दिरहमची वाढ मिळालेली नाही आणि तिथलं जेवणखाण मात्र महागलंय. इथे सिमेंट, चिरा, मजुरी वाढलीच. त्यामुळे रुपयातला आकडा मोठा दिसतो म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

दुसरी बाजू अशी की अर्थशास्त्रवाले म्हणतात बाजारातला भाव वापरूच नका, वस्तूंच्या किमती बघा. म्हणजे इथे अमुक रुपयात जेवढी भाजी, भाडं, केस कापणं, रिक्षा येते तेवढ्याला तिथे किती पैसे लागतात. ह्याला पर्चेसिंग पॉवर पॅरिटी म्हणतात, वर्ल्ड बँक दर वर्षी आकडे देते. त्या हिशोबाने आपल्याकडे साधारण २० ते २२ रुपयांत जे येतं त्याला अमेरिकेत एक डॉलर लागतो, बाजारात मात्र डॉलर त्याच्या चौपट भावाने मिळतो. दोन देशांचं राहणीमान ताडायला हे उत्तम आहे. पण आपल्या मुलाला ते सरळ लागू होत नाही, कारण तो पैसे मिळवतो एका देशात आणि खर्च करतो दोन देशांत. हे नीट समजून घ्या, सगळी मेख इथेच आहे. त्याच्या पगाराचे दोन तुकडे करा. एक तुकडा तो दुबईत खातो, तो दुबईच्या भावाने जातो आणि त्याचे रुपये करण्यात काही अर्थ नाही. दुसरा तुकडा घरी येतो, तो बाजारभावाने रुपयात बदलतो आणि कोकणातल्या भावाने खर्च होतो. जितका दुसरा तुकडा मोठा तितकं परदेश फायद्याचं. म्हणून एकटा कॅम्पमध्ये राहून पैसे पाठवणारा कमी पगारातही घर बांधतो आणि बायको-मुलांना तिथे नेलेल्याला दुप्पट पगारातही काही उरत नाही, भाडं आणि शाळेची फी सगळं खाऊन टाकते.

आपल्या उदाहरणात जेवण, रिचार्ज, साबण-सोडा, शुक्रवारी-रविवारी कुठे गेलं तर बस, असे ६०० दिरहम तिथे जातील. राहिले १२००, म्हणजे २८,८०० रुपये. ४३,२०० नव्हे. लोट्याच्या १८,००० मधूनही त्याचं स्वतःचं जेवण, बाइकचं पेट्रोल, रिचार्ज असे ६,००० जातील, घराला राहतात १२,०००. म्हणजे जो फरक पहिल्या नजरेला २५ हजारांचा दिसत होता तो १६,८०० वर आला. अजूनही चांगलाच मोठा आहे, मी काही जाऊ नका असं म्हणत नाहीये. पण १६,८०० आणि २५,२०० ह्यात फरक आहे, आणि लोक कर्ज काढतात ते २५ हजार डोळ्यांसमोर ठेवून.

टॅक्सचं एक मध्येच सांगते, कारण एजंट हे फार रंगवून सांगतात की तिथे इन्कम टॅक्स नाही. खरं आहे, पगारावर टॅक्स नाही. पण २० हजार महिना कमावणाऱ्याला इथेही इन्कम टॅक्स लागत नाही, त्यामुळे ह्या पगाराच्या मुलासाठी तो मुद्दा शून्य आहे. वस्तूंवर मात्र तिथे २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. एवढंच.

आता तास. पगार महिन्याचा सांगतात पण माणूस तास विकतो. यूएईचा, म्हणजे दुबई ज्यात येते त्या संयुक्त अरब अमिरातीचा, कामगार कायदा (२०२१ चा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू) दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास सांगतो, ओव्हरटाइम साधारणपणे दिवसाला दोन तासांपर्यंत. आपला फॅक्टरीज अ‍ॅक्टही आठवड्याला ४८ च सांगत आलाय. कागदावर सारखं. पण आपला मुलगा दहा तास काम करतो आणि कॅम्प लांब असल्यामुळे दोन तास बसमध्ये, म्हणजे रोज १२ तास कामाचे धरा, २६ दिवसांचे ३१२. लोट्याला आठ तास आणि जाऊन-येऊन एक, २६ दिवसांचे २३४. आता भागा. दुबईचे ४३,२०० भागिले ३१२, तासाला १३८ रुपये. लोट्याचे १८,००० भागिले २३४, तासाला ७७. महिन्याच्या हिशोबात दुबई जवळजवळ अडीचपट वाटत होती, तासाच्या हिशोबात दुप्पटही राहिली नाही.

आणि ओव्हरटाइमची गंमत नाही, दुःख आहे ते बघा. यूएईत ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात, वर २५ टक्के जास्त, रात्री १० ते पहाटे ४ मध्ये असेल तर ५० टक्के. बेसिक १००० असेल तर तासाचे ४ दिरहम आणि थोडे, वर पंचवीस टक्के धरून सव्वापाच, म्हणजे १२५ रुपये. आपल्याकडे कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. नुसत्या १५,००० वर धरलं तरी १५,००० भागिले २६ भागिले ८, तासाला ७२, दुप्पट १४४. म्हणजे ओव्हरटाइमचा एक तास लोट्याला दुबईपेक्षा महाग पडतो! हे पहिल्यांदा मांडून दाखवलं तेव्हा मुलं मला परत परत मोजायला लावत होती. अर्थात आपल्याकडे ठेकेदाराकडून दुप्पट खरंच मिळतो का हा वेगळा आणि कडू प्रश्न आहे, कितीतरी ठिकाणी सिंगलच देतात आणि कुणी बोलत नाही कारण ठेका उद्या संपू शकतो. तिथे निदान पगार वेजेस प्रोटेक्शन सिस्टीममधून जातो, २००९ पासूनची व्यवस्था आहे, बँकेतून किंवा एक्स्चेंजमधून पैसे जमा होतात आणि सरकारला दिसतं की कंपनीने दिले की नाही. ही गोष्ट मला मनापासून आवडते. इथे ठेकेदाराच्या हातून रोख पगार घेणाऱ्याकडे दाखवायला चिठ्ठीसुद्धा नसते.

बेसिकवर एवढा जोर का, तर पुढचं सगळं बेसिकवर चालतं. नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती यूएईत एक वर्ष पूर्ण झालं की लागू होते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढे दर वर्षाला ३० दिवसांचं, एकूण दोन वर्षांच्या पगारापर्यंत. १००० बेसिकवर वर्षाचे ७०० दिरहम, म्हणजे १६,८०० रुपये. पण कंपनीने तेच १८०० दाखवून बेसिक ६०० केलं तर ४२० दिरहम. हातातला पगार तोच, शेवटी मात्र चाळीस टक्के कमी. म्हणून ऑफर लेटर हातात आलं की एकूण रक्कम बघायच्या आधी बेसिक बघा. आपल्याकडे ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्यापासून आहे, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार (महिना २६ दिवसांचा धरून) आणि वर्षानुवर्षं अट अशी की पाच वर्षं सलग पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे लेबर कोड लागू झाले त्यात ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आली आणि पगाराचा निदान अर्धा भाग तरी बेसिक-डीएसारखा धरायचा असं झालं, म्हणजे बेसिक कमी दाखवायची युक्ती इथे कायद्याने अडवलीय.

मग पीएफ. हा मुद्दा घरोघरी विसरला जातो कारण तो दिसत नाही. लोट्याच्या मुलाचे १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात आणि कंपनी तेवढेच घालते, कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, बाकी पीएफमध्ये. महिन्याला ३,६०० त्याच्या नावाने जमा. दुबईत परदेशी कामगाराला पीएफही नाही आणि पेन्शनही नाही, ग्रॅच्युइटी हीच काय ती शेवटची पुंजी. दोन्हीकडची ग्रॅच्युइटी महिन्यावर वाटून (तिथे १,४००, इथे ७२०) आणि पीएफ धरून मोजलं तर दुबईचे ३०,२०० आणि लोट्याचे साधारण १६,३००. फरक १४ हजाराच्या आत आला. २५ वरून आपण १४ वर आलो आणि अजून एजंट आलेलाच नाही.

एजंट. यूएईचा कायदा म्हणतो की भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कंपनीने करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही. आपल्याकडे लायसन्स असलेल्या रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००, पावती देऊन. प्रत्यक्षात किती घेतात ते आपल्या गावात कोणालाही विचारा. समजा १,२०,००० घेतले आणि ते सावकाराकडून शेकडा महिना २ टक्क्यांनी उचलले. पहिल्या महिन्याचं व्याजच २,४००. दुबईला गेल्यामुळे जे जास्तीचे १६,८०० घरी येतात ते सगळे कर्जात घातले तरी फिटायला आठ महिने लागतात, मी महिन्या-महिन्याने मांडून बघितलंय. दोन वर्षांच्या करारातले पहिले आठ महिने तो लोट्याच्याच पगारावर राबला, फक्त घरापासून लांब. बरं, सहा महिन्यांपर्यंत प्रोबेशन असतं आणि त्यात कामावरून काढलं तर कर्ज तसंच अंगावर. ह्या कर्जामुळे माणूस तिथे भांडत नाही. पगार उशिरा आला, ओव्हरटाइम खाल्ला, दहा जणांच्या खोलीत चौदा घातले, सगळं सोसतो, कारण परत गेलो तर सावकार दारात. कामाची परिस्थिती म्हणून आपण जे म्हणतो ती निम्मी तर कर्जाने ठरते असं माझं मत झालंय.

सोडून जाता येणं हेसुद्धा पगारातच मोजायला हवं खरं तर. आखातात व्हिसा मालकाला जोडलेला असतो, कफाला म्हणतात ती पद्धत. गेल्या काही वर्षांत ती बरीच सैल झाली, कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या एनओसीची (ना हरकत पत्राची) अट काढली, सौदीने २०२१ मध्ये सुधारणा आणल्या, यूएईत नोटीस देऊन नोकरी सोडता येते आणि पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदेशीर आहे. तरीही नोकरी सुटली की त्या देशात राहण्याचा हक्कच घड्याळावर चालायला लागतो, आणि यूएईत युनियन नाही, संप करता येत नाही. लोट्याचा मुलगा उद्या सकाळी नाही गेला तर काय होईल, पगार जाईल. त्याला देश सोडावा लागत नाही. कमीत कमी पगाराचंही असंच, कतारने २० मार्च २०२१ पासून सगळ्या देशांच्या कामगारांना सारखं किमान वेतन लावलं, १००० रियाल, राहणं नसेल तर वर ५००, जेवण नसेल तर ३००. यूएईत परदेशी कामगाराला असं सरसकट किमान वेतन नाही, जे करारात लिहिलं तेच. म्हणून दोन्ही ठिकाणची ऑफर असेल तर मी कतारच्या कागदाला जरा जास्त वजन देते.

उन्हाचं एक. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम बंद, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते साडेतीन बंद, कायद्याने. तिथला उन्हाळा जीवघेणा आहे म्हणून ते नियम आलेत, पण आपल्याकडे मे महिन्यात दमट हवेत घाम सुकत नाही, सुकला नाही की अंग थंड होत नाही, आणि आंबा उतरवणाऱ्या, चिरेखाणीत राबणाऱ्या माणसासाठी असं कायद्यानं ठरलेलं दुपारचं बंद नाही. ही तुलना करताना आपण नेहमी आपल्याला वरचढ धरतो, इथे तसं नाही.

आणि हीच मोजपट्टी उलटी लावून बघायला हवी, कारण कोकण स्वतःसुद्धा कोणाचं तरी दुबई आहे. रत्नागिरी, देवगडच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, मिरकरवाड्यात आणि हर्णैला बोटीवर नेपाळी खलाशी असतात. १९५० च्या करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, आणि १९९३ पासून आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०, बांधलेला भाव, अगदी दिरहम-डॉलरसारखा. नेपाळात २०२३ मध्ये किमान वेतन महिना १७,३०० नेपाळी रुपये ठरलं, म्हणजे आपले १०,८००. बागेतला राखणदार किती मिळवतो हे बागायतदार सांगतो तेव्हा तो महिन्याचा आकडा सांगतो, तासाचा नाही. राखण दिवसा माकडांपासून आणि रात्री चोरांपासून, मग तास किती मोजायचे? बायको पण राबते, तिचा पगार वेगळा धरलाय का? खोपीत लाइट-पाणी आहे का, साप चावला तर दवाखान्याचे पैसे कोण देतो, उचल किती दिली होती आणि ती कशी वळती करतात? जून-जुलैला मासेमारी बंद असते तेव्हा खलाशाचं काय? हेच सगळे प्रश्न आपण आपल्या मुलाच्या दुबईच्या मालकाला विचारतो आणि त्याने लेखी उत्तर द्यावं अशी आपली अपेक्षा असते. मला मनापासून वाटतं की जे बागायतदार स्वतःचा मुलगा आखातात पाठवतात त्यांनी निदान राखणदाराला पगाराची चिठ्ठी आणि विमा द्यावा, कठीण काही नाही त्यात.

मनरेगाचा (रोजगार हमीचा) दर महाराष्ट्रात २०२५-२६ ला दिवसाला ३१२ रुपये होता, कोकणात गड्याची मजुरी त्याहून बरीच वर आहे तरी गडी मिळत नाही, आणि बाईला अजूनही त्याच कामाचे कमी. कोणी म्हणतं आमची मुलं आळशी झाली. मला ते पटत नाही, मुलांनी हिशोब केलाय, फक्त अर्धा केलाय.

जाणाऱ्यांनी कागदाचं एवढं बघा. दहावी नापास असाल तर पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा येतो आणि आखातासकट ठराविक देशांत नोकरीला जाताना एमिग्रेशनची, म्हणजे देशाबाहेर कामाला जाण्याची, मंजुरी लागते, ती ईमायग्रेट पोर्टलवरून होते, त्यात करार नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमा काढावाच लागतो, हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये. दहावी पास मुलाला ही मंजुरी लागत नाही, आणि मोकळीक वाटते ती, पण त्याचा करार कोणी तपासत नाही आणि विमा त्याच्यावर सक्तीचा नाही, तो आपण होऊन काढावा लागतो. २७५ रुपये, काढाच. एजंटचं लायसन्स त्याच ईमायग्रेट पोर्टलवर नाव टाकून बघता येतं, पाच मिनिटांचं काम. आणि व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो असं जो सांगेल त्याला एक रुपयाही देऊ नका, कारण व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे आणि वर लिहिलेलं बेसिक, ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी, बँकेतून पगार ह्यातलं काहीही मागायला तुमच्याकडे करारच नसतो.